बुधवाऱ्याचं मुकं भूत

दिगंबर महाजनांना पाहून दचकलेलं पहिलं माणूस म्हणजे त्यांना जन्मल्याबरोबर हातात घेणारी सुईण, असं बुरहानपूरच्या बुधवाऱ्यात सांगतात. सुईण पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि तिने हे कधी कबूल केलं नाही, तेव्हा ते सोडून देऊ. पण दिगंबररावांचा चेहरा भीतीदायक होता, यावर बुधवाऱ्यात दोन मतं नव्हती. डोळे मोठे आणि खोल. भुवया मधोमध येऊन एकमेकींना भेटलेल्या. गाल आत गेलेले, हनुवटी लांब, आणि उंची अशी की कुठल्याही दारातून शिरताना मान खाली घालावी लागे. त्यामुळे आतल्या माणसाला आधी टक्कल दिसायचं, आणि मान वर झाली की एकदम ते डोळे.

त्यात ते हसले, तर प्रकरण आणखी बिघडायचं.

माणूस मात्र लोण्यासारखा मऊ. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला अरे-तुरे केलं नाही. रस्त्यात कुत्रं झोपलेलं असलं तर ते वळसा घालून जायचे. भूपेंद्रशेठच्या साड्यांच्या दुकानात ते मिसरूड फुटल्यापासून कामाला होते, पण साड्यांच्या गादीवर शेठने त्यांना कधी बसवलं नाही. "दिगंबरभाऊ, तुम अस्तर संभालो," असं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. तेव्हापासून दुकानाचा मागचा अर्धा अंधारा कोपरा, तिथलं अस्तर, फॉल आणि परकराचं कापड एवढं त्यांचं राज्य. बायका पुढे हसतखेळत साडी पसंत करायच्या आणि अस्तरासाठी एकमेकींचा हात धरून मागे जायच्या.

आपल्यामुळे कुणाचं काळीज हलू नये म्हणून दिगंबररावांनी स्वतःला एक सवय लावून घेतली होती. कुठेही शिरण्याआधी ते खोकायचे. जिन्यात खोकायचे, दारात खोकायचे, गल्लीच्या वळणावर खोकायचे. एकदा शेठने जबरदस्तीने नेऊन त्यांच्या छातीचा एक्स-रे काढवला. छाती ठणठणीत निघाली.

लग्न जमायला अर्थातच उशीर झाला. बऱ्याच मुलींनी पोह्यांची बशी ठेवताठेवताच निर्णय घेतला. शेवटी रावेरची मंगला बघायला गेले तेव्हा दिगंबरराव धीर करून हसले. मंगलाच्या मावशीच्या हातचा चहा सांडला. मंगला मात्र जरा पुढे वाकून म्हणाली, "पोटात दुखून राहिलं का तुमच्या?"

"नाही," दिगंबरराव म्हणाले, "मी हसतोय."

यावर मंगला जी हसायला लागली ती थांबेचना. आईने चिमटे काढले, मावशीने डोळे वटारले, पण ती पदर तोंडात कोंबून हसतच राहिली. आपल्याला बघून कुणी हसतंय, हे दिगंबरराव पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना ते फार आवडलं. लग्न झालं, संसार झाला. मूलबाळ झालं नाही, पण मंगलाताई एकट्याच चार माणसांइतकं बोलत असल्यामुळे घर कधी रिकामं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र दिगंबररावांनी मंगलाताईंनाही सांगितली नव्हती. नेपानगरला त्यांच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. हे एकटेच गेले होते. खोकून आत शिरले, पाळण्यात वाकले, आणि बाळाने जो सूर लावला तो काही केल्या उतरेना. मग कुणीतरी फार प्रेमाने म्हणालं, "मामा, तुम्ही बाहेर ओट्यावर बसा ना. आत फार गरम होतंय." ओट्यावर खुर्ची टाकली, समोर टेबलफॅन लावून दिला, ताटही बाहेरच आणून दिलं. आत कूलर होता. दिगंबररावांना त्याची घरघर ऐकू येत होती. ते बाहेर बसून जेवले, "छान झाला कार्यक्रम" म्हणाले आणि परत आले.

अशा या माणसाच्या कोपऱ्यात एका दुपारी तेजस्विनी येऊन उभी राहिली.

तेजस्विनी म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या प्रतिभा मॅडमची मुलगी. मॅडम शाळेत गणित शिकवायच्या, आणि मुलगी पुण्याला जाऊन सिनेमा शिकून आली होती. हे दुःख मॅडमनी अजून पचवलं नव्हतं. तेजस्विनीला खिडक्या झाकायला भरपूर काळं अस्तर पाहिजे होतं. दिगंबरराव खोकून तागा घेऊन वळले. पोरीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती मागे सरकण्याऐवजी पुढे सरकली.

"काका, जरा या दिव्याखाली या ना."

दिगंबररावांनी मागे वळून पाहिलं. मागे दुसरं कुणी नव्हतं.

"तुम्हीच, काका. हां, असं. आता मान खाली. आता हळूहळू वर." तेजस्विनीने दोन्ही गालांना हात लावले. "ओ माय गॉड. काका, आप मेरी फिल्म करोगे?"

तिला भुताचा सिनेमा काढायचा होता, तोही मुका. शंभर वर्षांपूर्वी काढायचे तसा काळा-पांढरा, एकही शब्द न बोललेला, मध्येमध्ये पडद्यावर लिहिलेल्या पाट्या येणारा. असे नव्या काळातले मूकपट हल्ली जगभर पुन्हा निघतात, आणि भुताच्या गोष्टीला तर ते फारच शोभतात, असं तिने सांगितलं. भूपेंद्रशेठ गादीवरून ऐकत होते. ते म्हणाले, "बेटा, आजकल तो लिफ्ट भी बोलती है. तेरी फिल्म गूंगी क्यों?"

"अंकल, बुरहानपुर में साउंड रेकॉर्ड करके दिखाओ," तेजस्विनी म्हणाली. "दिवसभर पॉवरलूमची खटखट. हिरो आय लव्ह यू म्हणेल तर मागून खटाखट खटाखट. त्यापेक्षा आवाजच नको. आणि खरं सांगू का, आवाज नसला ना, की माणूस चेहऱ्याकडे बघतो. दुसरं बघायला काही उरतच नाही."

"चेहऱ्याकडे?" दिगंबररावांनी काळजीने विचारलं. "किती वेळ?"

"पाऊण तास."

दिगंबररावांनी अस्तराची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा मंगलाताई पोळ्या लाटत होत्या. "भूत?" त्यांनी लाटणं थांबवलं. "हिरो नाही?"

"हिरो नाहीच आहे त्यात. भूतच मुख्य आहे."

"मग करा. पण मी सोबत येईन. तुम्हाला कुणी काही म्हटलं तर तुम्ही हो-हो करत बसाल."

सिनेमाची गोष्ट अशी होती. एक विणकर मागावर अर्धी साडी सोडून मेला आहे. त्या घरात लग्न होऊन नवीन सून येते. विणकराचं भूत राहिलेली साडी पुरी करायला येतं, आणि त्याला बघून घर पळत सुटतं. सुनेचं काम नेपानगरची रंजिता करणार होती. ही पोरगी ब्युटी पार्लर चालवायची आणि कशालाच भीत नव्हती. घरासाठी बुधवाऱ्यातलाच एक बंद पडलेला मागाचा कारखाना मिळाला. काळं अस्तर खिडक्यांना लागलं. दिगंबररावांच्या तोंडाला रंजितानेच पांढरा लेप फासला, डोळ्यांखाली काजळ ओढलं, अंगावर जुनं धोतर-बंडी चढवली. दिगंबररावांनी आरशात पाहिलं आणि सवयीने खोकले.

पहिल्याच शॉटला घोटाळा झाला. रंजिता आरशासमोर केस विंचरतेय आणि मागच्या दारातून भूत येतंय, एवढंच करायचं होतं. भूत दारात आलं. थांबलं. तोंडासमोर मूठ धरून खोकलं. मग चपला काढून आत आलं.

"कट! काका, भूत खोकत नाही!"

"हो हो. चुकलंच."

दुसऱ्यांदा भूत खोकलं नाही, पण रंजिता किंचाळायचा अभिनय करताच त्याने घाईघाईने हात जोडले. तिसऱ्यांदा हात जोडले नाहीत, पण तिला धीर यावा म्हणून ते हसलं. या वेळी रंजिता खरीच किंचाळली, पण ती हसून हसून, आणि कंगवा कॅमेऱ्याच्या अंगावर गेला. उभा जन्म माणसाने कुणाला घाबरवायचं नाही याचाच अभ्यास केलेला, त्याला आता एका दिवसात उलटं शिकायचं होतं.

मूकपटाचा एक फायदा असतो. आवाज घ्यायचाच नसल्यामुळे शॉट चालू असतानाही ओरडून सूचना देता येतात. हा फायदा तेजस्विनीच्या आधी मंगलाताईंच्या लक्षात आला.

"अहो, मान वर करा! पाठीला काय झालं? भूत आहात का भाडेकरू?" त्या स्टुलावर बसून ओरडायच्या. "डोळे मोठे! लाइटबिल आल्यावर करता तसे! हां, अस्से! रंजिता, तू कशाला हसून राहिली? तुझ्या सासरी भूत आलं बाई!"

तेजस्विनीने दोनदा "काकू प्लीज" म्हणून पाहिलं. मग मंगलाताई ओरडल्या की भूत खरंच नीट चालतं, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने काकूंना स्टूल कॅमेऱ्याच्या बाजूलाच घ्यायला सांगितलं.

कारखान्यातलं काम उरकल्यावर खकनार रस्त्याला कडूभाऊंच्या केळीच्या बागेत शूटिंग होतं. भूत केळीच्या रांगांमधून चालत जातं, असं दृश्य. रात्रीचं दृश्य, पण घ्यायचं भर दुपारी, कारण नंतर त्याला निळा रंग चढवला की रात्र होते. जुन्या लोकांची हीच रीत होती म्हणे. दुपारच्या उन्हात भुताचा लेप वितळायचा आणि रंजिता बांधावर बसून तो पुन्हा फासायची.

जेवणाच्या सुट्टीत तेजस्विनी आणि बाकीची मंडळी कॅमेरा घेऊन विहिरीकडे गेली. मंगलाताई कांदा फोडून आणायला बागेच्या घराकडे गेल्या. दिगंबरराव केळीच्या दोन रांगांमध्ये सावली बघून एकटेच बसले आणि भरीत-भाकरी खायला लागले. बागेच्या दुसऱ्या टोकाला केळीची कटाई चालू होती, घड ट्रकमध्ये भरले जात होते, आणि या सिनेमाची गोष्ट कडूभाऊ कटाईवाल्यांना सांगायची विसरले होते. त्यातला एकजण पाण्याचा कॅन घेऊन पाण्याकडे निघाला. पान बाजूला सारलं, तर समोर पांढऱ्याफटक तोंडाचं, काळ्या खळग्यांच्या डोळ्यांचं काहीतरी मांडी घालून बसलेलं.

दिगंबरराव माणुसकीचे. त्यांनी हातातला घास थांबवला, हसले, आणि म्हणाले, "या, जेवायला."

कॅन तिथेच पडला. तो माणूस कुणीकडे गेला ते दिगंबररावांना दिसलं नाही, केळीची पानं हललेली तेवढी दिसली. थोड्या वेळाने ट्रककडून आरडाओरडा ऐकू आला, मग पुष्कळ पायांचा आवाज, मग सगळं शांत. दिगंबररावांनी विचार केला, काहीतरी सुट्टी झाली असेल, आणि भाकरी संपवली.

संध्याकाळपर्यंत खकनारपासून बुरहानपूरपर्यंतच्या सगळ्या मोबाइलवर बातमी होती: खकनार रोडच्या केळीत भूत आहे, आणि ते माणसाला जेवायला बसवतं. पुढचं ज्याने त्याने आपल्या मनाने जोडलं. कुणी म्हणालं, त्याच्या ताटात माणसाचं बोट होतं. तो वांग्याचा देठ होता. सकाळी कटाईला एकही माणूस आला नाही. कडूभाऊ मोटरसायकलवर बुधवाऱ्यात येऊन दुकानासमोर उभे राहिले.

"दिगंबरभाऊ, अर्धी गाडी भरून उभी आहे. बाकीचे घड झाडावर पिकतील. माझ्या बागेत आता कुणी पाय ठेवायला तयार नाही!"

दिगंबररावांना इतकं वाईट वाटलं की शेठला न विचारता ते गादीसमोरून निघाले, आणि असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. मंगलाताईंना सोबत घेऊन ते कटाईवाल्यांच्या गावी गेले. झाडाखाली माणसं बसली होती. दिगंबरराव लांबूनच खोकले, मग जवळ जाऊन हात जोडून म्हणाले, "काल तुम्ही बागेत पाहिलं ते भूत नव्हतं. तो मी होतो. सिनेमाचं काम होतं. तोंडाला पावडर लावली होती, एवढंच."

एक म्हातारबा उठले, काठी टेकत जवळ आले आणि त्यांनी दिगंबररावांचं तोंड खालून वर, वरून खाली नीट पाहिलं.

"पावडर काल होती?"

"हो."

"आज नाही?"

"आज नाही."

म्हातारबांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "हाव रे, हेच आहे. पावडरीने काल जरा बरं दिसत असेल."

मंगलाताईंचं हसू फुटलं. त्यांचं हसू म्हणजे पंप सुरू झाल्यासारखं, आधी खडखड आणि मग धबधबा. ते ऐकून गाव हसायला लागलं, कॅन टाकून पळालेला गडी सगळ्यांत जास्त. चहा झाला. प्रत्येकाने दिगंबररावांबरोबर फोटो काढून घेतला आणि "भाऊ, हसा ना," म्हणून आग्रह केला. दुपारी कटाई सुरू झाली.

सगळं झालं, पण तेजस्विनीचं समाधान झालं नव्हतं. सिनेमातलं मुख्य दृश्य राहिलं होतं. भूत घराच्या बैठकीच्या दारात येतं, आत सगळे पाहुणे बसलेत, आणि ते त्यांच्याकडे बघतं. बस, एवढंच. पण काकांनी डोळे मोठे केले की लाइटबिल दिसायचं, बारीक केले की चष्मा विसरल्यासारखं. मंगलाताईंनी ओरडून ओरडून घसा ताणला. शेवटी तेजस्विनी कॅमेऱ्यामागून उठून आली आणि दिगंबररावांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

"काका, भुताला घाबरवायचं नाहीये कुणाला. त्याला आत यायचंय. पण तो आला की सगळे उठून जाणार, हे त्याला माहितीये. तुम्हाला झालंय का कधी असं?"

दिगंबरराव उठून दाराबाहेर गेले. तेजस्विनीने कॅमेरा चालू केला. दिगंबरराव मान खाली घालून दारात आले, मान वर केली, आणि आत बसलेल्यांकडे पाहिलं. डोळे मोठे केले नाहीत, बारीक केले नाहीत. पाळण्याशी उभं राहून, आतल्या कूलरकडे पाठ करून बाहेर जाताना जसं पाहिलं होतं तसं पाहिलं. पाहुण्यांचं काम करणारी गल्लीतली माणसं ठरल्याप्रमाणे उठून एकेक करून निघून गेली. जाताना त्यांनाच कसंतरी झालं.

स्टुलावरून आवाज आला नाही. तेजस्विनी "कट" म्हणायची विसरली.

घरी जाताना मंगलाताईंनी विचारलं, "कुठे झालं होतं तुम्हाला असं?"

"नेपानगरला," दिगंबरराव म्हणाले, आणि सगळं सांगितलं. मंगलाताईंनी ऐकून घेतलं. मग नेपानगरच्या नणंदेला फोन लावला आणि जे बोलल्या ते गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं. त्यात मूकपटाचा काही अंश नव्हता.

सिनेमा तयार झाल्यावर पहिला खेळ बुधवाऱ्यातच करायचा, असं तेजस्विनीने ठरवलं. एका रविवारी संध्याकाळी मंगल कार्यालयाचा हॉल घेतला, पांढरा पडदा लावला. मूकपटाला समोर बसून वाजवणारं कुणी पाहिजे, म्हणून भजनी मंडळाच्या गोदाबाईंना पेटीवर बसवलं. त्यांना तेजस्विनीने सांगून ठेवलं होतं की भूत आलं की खालचे सूर दाबून धरायचे. गोदाबाई "हो" म्हणाल्या होत्या.

हॉल भरला. भूपेंद्रशेठ कुटुंबासकट पहिल्या रांगेत. कडूभाऊ कटाईवाल्यांना ट्रकमध्ये घालून घेऊन आले. दिगंबरराव सगळ्यांत मागे, दाराशी उभे.

पडद्यावर पहिली पाटी आली. वर मराठी ओळ, खाली हिंदी. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी न येणाऱ्यांसाठी मोठ्याने वाचली. दुसऱ्या पाटीला अर्धा हॉल वाचत होता. तिसऱ्या पाटीपासून मराठीवाले आणि हिंदीवाले अशी चढाओढ लागली आणि "उस रात हवा थम गई थी" ही ओळ कवायतीच्या तालावर म्हटली गेली. तेजस्विनीने कपाळाला हात लावला.

मग भूत आलं. गोदाबाईंनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं, त्या दचकल्या, आणि बोटं जिथे आयुष्यभर गेली होती तिथेच गेली. पेटीतून आरती निघाली. पहिल्या दोन रांगांतल्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मागून कुणीतरी उठून उभं राहिलं, त्याला बघून आणखी चारजण. पडद्यावर रंजिता जीव घेऊन पळतेय, मागे भूत, आणि हॉलमध्ये अख्खी मंडळी आरतीला उभी. केळीतलं दृश्य आलं तेव्हा कटाईवाले ओरडले, "या, जेवायला!" आणि हॉलमध्ये हशा पिकला.

"काकू, ही हॉरर फिल्म आहे," तेजस्विनी रडवेली होऊन मंगलाताईंच्या कानात म्हणाली. "कुणी घाबरूनच नाही राहिलं."

"थांब गं. बघू तर दे."

मग बैठकीचं दृश्य आलं. भूत दारात उभं राहिलं, मान वर केली आणि पडद्यावरून सगळ्या हॉलकडे पाहिलं. तेजस्विनीने तो शॉट फार लांब ठेवला होता. हसू हळूहळू थांबलं. गोदाबाईंची बोटं पेटीवरून खाली आली. पडद्यावरचे पाहुणे उठून जायला लागले, एक, मग दुसरा, मग बाकीचे, आणि भूत तसंच उभं. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

आणि मधल्या रांगेतून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अरे, त्याला बस म्हणा की कुणीतरी."

"हो ना," दुसरी म्हणाली. "दारात किती वेळ उभं करून ठेवलं."

"ए रंजिता, बस म्हण त्याला!"

"बिठाओ भाई, बिठाओ!"

हॉल पडद्याशी भांडायला लागला. पाहुण्यांपैकी एकाचं काम केलेला माणूस हॉलमध्येच होता, त्याला शेजारच्याने कोपर मारलं, "तू कशाला उठला रे?" तो म्हणाला, "अरे, मला उठायला सांगितलं होतं!" पडद्यावर शेवटी सुनेला दाराशी पुरी झालेली साडी मिळाली, तेव्हा भूपेंद्रशेठने रुमाल काढला. साड्यांचे व्यापारी असल्यामुळे त्यांना ते जास्त लागलं असावं.

दिवे लागले. कुणाच्या तरी लक्षात आलं की भूत मागे दाराशी उभं आहे. दिगंबररावांना काही कळायच्या आत चार माणसांनी त्यांना धरून पुढे आणलं आणि शेठनी उठून आपली खुर्ची दिली. ते बसले. समोर अख्खा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांना खोकला आला, या वेळी खराच.

पुढे तो सिनेमा परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवात गेला. तिथे लोक जागच्या जागी गोठले म्हणे, दोघीतिघी तर उठून बाहेर गेल्या. तेजस्विनीने आनंदाने फोन करून हे कळवलं. मंगलाताईंना मुळीच आवडलं नाही. "त्या लोकांना काही रीतभात नाही," त्या म्हणाल्या.

दुकानात भूपेंद्रशेठनी दिगंबररावांना साड्यांच्या गादीवर आणून बसवलं. बायका आता मुद्दाम त्यांच्याकडूनच साडी उलगडून घेतात आणि "भाऊ, जरा तसं बघा ना," म्हणतात. दिगंबरराव बघत नाहीत, लाजतात. लाजल्यावर ते कसे दिसतात हे बुधवाऱ्याला नव्यानेच कळलं आहे आणि त्यावर अजून एकमत झालेलं नाही.

पहिल्या खेळानंतर कामासाठी मुंबईला जाताना तेजस्विनीने विचारलं होतं, काका, तुम्हाला काय देऊ? दिगंबररावांनी पुष्कळ संकोच करून त्या दारातल्या दृश्याचा एक फोटो मागितला. तिने तो मोठा करून, काळ्या लाकडी चौकटीत बसवून पाठवला. मंगलाताईंनी तो बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर लावला आणि कडेने छान दिव्यांची माळ सोडली.

दोन दिवसांनी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. काळा-पांढरा फोटो, काळी चौकट, वर दिव्यांची माळ. त्याने सिलिंडर खाली ठेवलं, टोपी काढली आणि हात जोडून मंगलाताईंना म्हणाला, "कब हुआ, चाची? हमें तो पता ही नहीं चला. बहुत भले आदमी थे."

मंगलाताई काही बोलणार, तोच आतल्या खोलीतून दिगंबरराव दारात आले. घरात कुणी आलंय हे माहीत नसल्यामुळे ते खोकले नव्हते. मान खाली घालून चौकट ओलांडली, मान वर केली, आणि ओळखीचा माणूस दिसला म्हणून मनापासून हसले.

रिकामं सिलिंडर घेऊन जायचं होतं ते तिथेच राहिलं. गॅसवाला जिन्याने उतरला की जिन्यावरून पडला, हे मंगलाताईंना नक्की सांगता येत नाही, कारण त्या वेळी त्यांना हसून हसून डोळ्यांसमोरचं दिसत नव्हतं. दिगंबररावांनी रिकामं सिलिंडर खांद्यावर घेतलं आणि "अहो भाऊ, थांबा, हे राहिलं," म्हणत त्याच्या मागे धावले. गल्लीतल्या लोकांनी पाहिलं, पुढे गॅसवाला आणि मागे दिगंबरराव. लोकांनी आपापल्या ओट्यांवर सरकून दोघांना वाट करून दिली.